सेक्शन न काढता फुको वाचू नका : वास्तुसिद्धान्त शिकताना या चुका टाळा

आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाची मुलं शोधनिबंधाचा विषय घेऊन येतात तेव्हा पहिल्या पानावर जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर किंवा देरिदा, फुको यांच्यापैकी एखादा फ्रेंच तत्त्वज्ञ असतोच. तो असावा, असं मला मनापासून वाटतं. वास्तुविशारदाने तत्त्वज्ञान शिकलंच पाहिजे, हे रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअसने दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पहिल्याच पुस्तकात लिहिलं आहे. पण तत्त्वज्ञ पहिल्या पानावर भेटतो आणि इमारत थेट तिसाव्या पानावर, हे वर्षानुवर्षं बघून मी थकले आहे.

दिसला गोल प्लॅन की म्हण पॅनॉप्टिकॉन

ही चूक मला सर्वात जास्त छळते, कारण तिच्यात मीही सामील होते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने अंदमानच्या सेल्युलर जेलवर निबंध लिहिला. सावरकरांमुळे त्या तुरुंगाचं चित्र मराठी घरांत लहानपणापासून ओळखीचं असतं, त्यामुळे विषय तिच्या जिवाभावाचा होता. मधे मनोरा, त्यातून निघालेल्या मूळच्या सात विंग. तिने शेजारी इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमच्या पॅनॉप्टिकॉनचा, म्हणजे मधून सगळ्यांवर नजर ठेवता येईल अशा गोल तुरुंगाचा, प्लॅन ठेवला, फुकोचे उतारे दिले आणि चाळीस पानं लिहिली. मी ती वाचली, भाषा सुधारली, सही केली. ज्युरीला, म्हणजे कामाच्या तोंडी परीक्षेला, आलेल्या एका ज्येष्ठ आर्किटेक्टांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘तू मनोऱ्यावर उभी आहेस असं समज. कोठडीतला माणूस तुला दिसतो का?’’ ती गप्प. मीही गप्प, कारण वर्षभरात हा प्रश्न मीही तिला विचारला नव्हता.

उत्तर आहे, दिसत नाही. बेंथमने 1787 च्या पत्रांत मांडलेली इमारत गोल कड्यासारखी आहे. कोठड्या कड्यात, पहारेकरी मधल्या मनोऱ्यात. प्रत्येक कोठडीला बाहेरून उजेड येतो आणि आतली बाजू मनोऱ्याकडे उघडी असते, म्हणून कैद्याची आकृती उजेडावर स्पष्ट उमटते. पहारेकरी मात्र कैद्याला दिसत नाही. आत्ता आपल्यावर नजर आहे की नाही हे कधीच कळत नसल्यामुळे कैदी स्वतःच स्वतःवर पहारा ठेवू लागतो. फुकोने 1975 मध्ये याच यंत्रणेवर बोट ठेवलं. मूळ कल्पना बेंथमच्या भावाची, सॅम्युएलची, रशियात कामगारांवर देखरेख ठेवण्यासाठी सुचलेली. तुरुंग नंतर आला.

1906 साली पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलमध्ये मनोऱ्यावरून विंगच्या लांबीवर नजर जाते, कोठडीच्या आत नाही. एका विंगच्या व्हरांड्यासमोर शेजारच्या विंगची पाठ येते. कोठडीतला झरोका उंचावर. कैद्याला दुसरा कैदी दिसू नये, त्याच्याशी बोलता येऊ नये, यासाठी सगळी रचना आहे. म्हणजे या तुरुंगाचं नातं 1829 साली सुरू झालेल्या फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट तुरुंगाशी आणि 1842 च्या लंडनमधल्या पेंटनव्हिलशी लागतं, जिथे एकांत हीच शिक्षा होती. सतत दिसत राहणं वेगळं आणि कुणालाच न दिसणं वेगळं. माणसावर सत्ता चालवण्याच्या या दोन निरनिराळ्या तऱ्हा आहेत, आणि तिच्या निबंधाचा विषय सत्ता हाच होता!

‘‘पण मॅडम, फुको तर पॅनॉप्टिकॉनला आकृती म्हणतो, इमारत नाही,’’ असं एखादा हुशार मुलगा म्हणतो. बरोबर आहे. मग तुलना यंत्रणेची कर. कोण कुणाला बघतं, कुठून, किती वेळ, हे लिही. मधल्या वर्तुळावरून तुलना करू नकोस.

माझा उपाय सवयीचा आहे, शास्त्रीय नाही. वहीच्या डाव्या पानावर उतारा, उजव्या पानावर त्या इमारतीचा हाताने काढलेला सेक्शन, म्हणजे उभा छेद, आणि सेक्शनमध्ये डोळ्यांच्या उंचीवर उभा माणूस. उताऱ्यातलं वाक्य त्या माणसाबद्दल खरं ठरत नसेल, तर ते निबंधात घ्यायचं नाही. प्लॅनवर भागत नाही, नजर सेक्शनमध्येच सापडते.

शब्दाचा धातू सापडला म्हणजे सिद्धान्त सापडला

हायडेगरने 1951 मध्ये डार्मस्टाटला वास्तुविशारदांपुढे केलेल्या व्याख्यानात ‘बांधणं’ या जर्मन शब्दाच्या मुळाशी ‘राहणं’ आहे असं दाखवलं. मराठी मुलांना हे वाचून फार आनंद होतो, कारण आपल्याकडे तर ‘वास्तू’ हा शब्दच ‘वस्’ म्हणजे राहणं या धातूवरून आला. वस्ती, निवास, वास्तव्य, सगळं एका घरातलं. मलाही तो आनंद दरवेळी होतो. पण पुढचं वाक्य हमखास असं येतं, की हे आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं, म्हणून वाड्याची चौकाभोवतीची रचना हेच खरं ‘राहणं’. इथे मी तांबडी शाई काढते.

शब्दाचा उगम हा पुरावा नसतो, त्यातून फक्त प्रश्न मिळतो. वाड्यात कोण ‘वसत’ होतं? दिवाणखान्यात बसणारा, माजघराच्या पुढे न येणारी बाई, सोवळी विधवा, आणि चौकापर्यंतही येऊ न दिलेला माणूस, या सगळ्यांचं राहणं एकच होतं का? दुसरं, व्याख्यान शेवटपर्यंत वाचा. ब्लॅक फॉरेस्टमधल्या जुन्या शेतघराचं वर्णन केल्यावर हायडेगर स्वतः स्पष्ट सांगतो, की तशी घरं पुन्हा बांधावीत किंवा बांधता येतील असं आपलं म्हणणं नाही. समोर बसलेल्या श्रोत्यांच्या देशात तेव्हा युद्धाने घरांची भीषण टंचाई होती. आणि 1933 मध्ये हा माणूस नाझी पक्षात गेला होता, हेही माती आणि मुळांबद्दलची त्याची वाक्यं उचलताना लक्षात असू द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

‘फॉर्म फॉलोज फंक्शन’, म्हणजे इमारतीचं रूप तिच्या कामावरून ठरतं, असं लिहून खाली कोरा काचेचा डबा दाखवू नका. अमेरिकन आर्किटेक्ट सलिव्हनने ते 1896 मध्ये लिहिलं, आणि त्याच वर्षी पूर्ण झालेल्या बफलोच्या गॅरंटी बिल्डिंगवर त्याने टेराकोटाची नक्षी वरपासून खालपर्यंत चढवली होती.

देरिदाचं विरचन (डीकन्स्ट्रक्शन), म्हणजे मजकुरातल्या गृहीतकांची उकल करणारं वाचन, म्हणजे वाकड्या भिंती नव्हेत. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 1988 साली झालेल्या ‘डीकन्स्ट्रक्टिव्हिस्ट आर्किटेक्चर’ या प्रदर्शनामुळे ही गल्लत पसरली. देरिदा आणि अमेरिकन आर्किटेक्ट आयझनमन यांनी पॅरिसच्या ला व्हिलेत या उद्यानासाठी मिळून आखलेली बाग बांधलीच गेली नाही. ती का अडली हे शोधलंत तर एक चांगला निबंध होईल.

प्रत्येक चौकोनी प्लॅनवर वास्तुपुरुष झोपवू नका. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी जयपूरच्या जवाहर कला केंद्रात नऊ चौकोन घेतले, पण एक बाजूला सरकवला, कारण जयसिंहाच्या जयपूरमध्ये डोंगरामुळे तसाच एक चौकोन सरकला होता. मंडल, म्हणजे हा चौकोनांचा आराखडा, जमिनीला कुठे अडतं, ते आधी बघा.

दहा मिनिटांचा सारांश ऐकून सिद्धान्त कळत नाही. डार्मस्टाटचं व्याख्यान एका बैठकीत वाचून होतं. ते तीनदा वाचा, मग त्यातला एक परिच्छेद हायडेगरचा एकही शब्द न वापरता मराठीत लिहा. या कामाला एक आठवडा लागतो. ‘‘सबमिशन शुक्रवारी आहे’’ म्हणणाऱ्यांना मी विषय बदलायला सांगते, आणि त्याचा मला पश्चात्ताप होत नाही.

त्या मुलीने ज्युरीनंतर दोन आठवड्यांत सेक्शन नव्याने काढला, व्हरांडे आणि समोरच्या विंगच्या पाठी दाखवल्या आणि अर्धा निबंध फेकून दिला. तो सेक्शन माझ्या टेबलामागे लावलेला आहे. कुणी पॅनॉप्टिकॉन घेऊन आलं की आधी त्याला तिथे उभं करते आणि पेन्सिल देऊन नजरेची रेष ओढायला सांगते.