फुकटची जागा बुधवारी शोधायची असते

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात आमची समजूत होती की कॅम्पिंग म्हणजे सहा महिने आधी सकाळी लॅपटॉप उघडून बसायचं आणि बुकिंग सुरू झाल्या झाल्या क्लिक करायचं, आयआरसीटीसीवर गणपतीची कोकण तिकिटं काढतात तसंच, आणि तसंच मिळायचंही नाही. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं की नॅशनल फॉरेस्टमध्ये जा, बुकिंग नाही, पैसे नाहीत, आवडेल तिथे तंबू ठोक. हे अर्ध खरं आहे. उरलेलं अर्ध कळायला दोन वीकेंड फुकट गेले, म्हणून ही यादी, जशी आम्ही दरवेळी करतो तशी, बुधवारपासून.

आधी एक गोंधळ दूर करू. नॅशनल पार्क वेगळं आणि नॅशनल फॉरेस्ट वेगळं. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये रस्त्याकडेला गाडी लावून झोपलात तर रेंजर उठवणार, पण त्याच पार्कला लागून अरापाहो-रूझवेल्ट फॉरेस्ट आहे, तिथे बऱ्याच भागात चालतं. फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ साली सुरू झाली आणि ती अमेरिकेच्या शेतीखात्याखाली येते, वन्यजीव-पर्यटन वगैरे खात्याखाली नाही, त्यामुळे तिथे लाकूडतोड, गाईगुरं चारणं, शिकार आणि आपला तंबू हे सगळं एकाच जंगलात चालतं. देशभर मिळून साधारण १९.३ कोटी एकर. ठरवून दिलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर असं कुठेतरी राहायचं त्याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. बहुतेक ठिकाणी सलग १४ दिवसांपर्यंत राहता येतं, नेमका नियम त्या त्या फॉरेस्टचा बघायचा. आणि हो, मंडळाची अख्खी सहल न्यायचा विचार असेल तर ७५ किंवा जास्त लोकांना परमिट लागतं, हे कार्यकारिणीत आधीच सांगून ठेवा.

तर बुधवारी रात्री जेवणं झाली की नकाशा. जागा शोधायचं काम घरी वायफायवर करायचं, शुक्रवारी रात्री नऊला धुळीच्या रस्त्यावर नाही. प्रत्येक फॉरेस्टचा मोटर व्हेईकल यूज मॅप असतो, लोक एमव्हीयूएम म्हणतात, फुकट मिळतो. दिसायला अगदी रद्दी, काळा-पांढरा, ना डोंगर ना झाडं, पण कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायला कायदेशीर परवानगी आहे ते सांगणारा कागद हाच. बऱ्याच फॉरेस्टच्या नकाशात काही रस्त्यांच्या कडेने बारीक टिंबं असतात, ती टिंबं म्हणजे इथे रस्त्यापासून ठरावीक अंतरापर्यंत गाडी आत घेऊन कॅम्प करता येईल. अंतर नकाशाच्या सूचनेत दिलेलं असतं, कुठे ३०० फूट, कुठे खूपच कमी, आणि रस्ता कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत उघडा तेही कोपऱ्यातल्या तक्त्यात असतं. तो तक्ता कोणी वाचत नाही. वाचा. फोनवर ॲव्हेंझा ॲपमध्ये हे नकाशे उतरवून घेतले की नेटवर्क नसतानाही जीपीएसचा निळा ठिपका त्यावर चालतो, आणि नेटवर्क नसणारच आहे, हायवे सोडल्यावर दहा मिनिटांत जातं.

रस्त्यांचे नंबर बघायची एक ट्रिक आहे, आम्हाला फार उशिरा कळली. फॉरेस्टमधे तपकिरी पाटीवर नंबर आडवा लिहिला असेल तर साधारणपणे साधी कार जाते, उभा, म्हणजे आकडे एकाखाली एक लिहिले असतील तर उंच गाडी पाहिजे, कधी फोर व्हील ड्राइव्ह. आमच्या सीडॅनने उभ्या नंबरच्या रस्त्यावर अर्धा मैल जाऊन जो आवाज काढला होता तो अजून कानात आहे. मोठ्या रस्त्याच्या नंबराला पुढे टिंब आणि अक्षर लागलं की तो त्याचा फाटा, आणि चांगल्या जागा बहुतेक या फाट्यांच्याच टोकाला असतात कारण धुळीचा लोट उडवत जाणाऱ्या गाड्या तिथपर्यंत येत नाहीत.

फाटा सापडला की सॅटेलाइट व्ह्यू उघडा. टोकाशी झाडांमधे छोटा फिक्या रंगाचा पॅच दिसतो, गाडी वळवल्याच्या खुणा असतात, म्हणजे लोक राहून गेलेत, तीच जागा घ्यायची, नवीन गवत तुडवायचं नाही. मग टोपो नकाशावर, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या रेषांच्या नकाशावर, तीच जागा बघायची, रेषा लांब लांब असतील तर सपाट, एकमेकींना चिकटल्या असतील तर रात्रभर घसरत झोपावं लागेल. आणि तिसरं म्हणजे जमीन कोणाची ते बघायचं, हे मी जरा लांबवून सांगते कारण आम्ही यात तोंडघशी पडलोय. कोलोरॅडोत जंगल नकाशावर हिरवंगार दिसतं पण मधेमधे पांढरे छोटे चौकोन-पट्टे असतात. ते खाजगी आहेत. १८७२ च्या खाण कायद्याने लोकांनी सोन्याचांदीचे क्लेम, म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर खाणीचे हक्क घेतले, त्यातले बरेच पुढे मालकीचे झाले, खाण बंद पडली तरी जमीन नातवंडा-पतवंडांच्या नावावर राहिली. लेडव्हिलच्या बाजूला असे ढिगाने आहेत. आम्ही एका मस्त मोकळ्या जागेत झोपलो, सकाळी चहा उकळत होता तेवढ्यात पिकअपमधून एक आजोबा उतरले आणि अगदी शांतपणे म्हणाले, माझ्या आजोबांच्या खाणीवर तुमचा तंबू आहे. चहा घेतला त्यांनी, पण उठावं लागलंच. तेव्हापासून नकाशाच्या ॲपमधे जमिनीची मालकी दाखवणारा लेयर चालू केल्याशिवाय आम्ही पिन टाकत नाही. पिना तीन टाकायच्या, एक नाही. पहिली आवडती, दुसरी त्याच रस्त्यावर पुढे, तिसरी वेगळ्याच खोऱ्यात.

गुरुवारी सकाळी रेंजर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे फॉरेस्टच्या त्या विभागाच्या, ऑफिसला फोन करायचा. लाजू नका, ते लोक फोन घ्यायलाच बसलेत आणि बोलायला चांगले असतात. मी तीनच गोष्टी विचारते: अमुक नंबरचा रस्ता उघडलाय का, आगीचे निर्बंध कुठल्या स्टेजला आहेत, आणि या भागात अजून कुठेही राहता येतं का फक्त नंबर लावलेल्या जागांवरच. तिसरा प्रश्न आता महत्त्वाचा झालाय, क्रेस्टेड ब्यूटकडच्या खोऱ्यांमधे एवढी गर्दी व्हायला लागली की तिथे आता ठरवलेल्या जागांवरच राहायचं, जुनी माहिती वाचून जाल तर फसाल. पहिल्या प्रश्नाचं म्हणाल तर मे अखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीला इकडे सगळे उत्साहात निघतात आणि दहा हजार फुटांवर रस्त्यात बर्फ असतं, वरचे रस्ते जून बराच सरल्यावरच धरा.

आगीचं तर बाबांनो खरंच सिरियसली घ्या. स्टेज १ म्हणजे कॅम्पग्राउंडच्या बाहेर शेकोटी बंद, कोळशाची सिगडीही बंद, कणसं भाजायचा प्लॅन कॅन्सल. बटणाने बंद होणारा गॅसचा स्टोव्ह बहुतेक चालतो. फॉरेस्टचे निर्बंध वेगळे आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरिफचे वेगळे, दोन्ही बघायचे. २००२ ची पाइक फॉरेस्टमधली हेमन आग अशाच बंदीच्या काळात एका कॅम्पच्या दगडी चुलीत सुरू झाली आणि १ लाख ३७ हजार एकरांच्या वर जळालं, डेन्व्हरच्या नैर्ऋत्येला जाताना ते उघडे डोंगर अजून दिसतात. कॅलिफोर्नियात असाल तर तिकडे कॅम्पग्राउंडबाहेर नुसता स्टोव्ह पेटवायलाही कॅम्पफायर परमिट लागतं, ऑनलाइन फुकट मिळतं, प्रिंट किंवा फोटो जवळ ठेवा.

गाडी. डिकीतलं कार्पेट उचलून बघा स्पेअर टायर आहे का, हल्ली बऱ्याच नवीन गाड्यांत टायरच्या जागी फेसाची बाटली असते आणि दगडाने साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटली तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही. टाकी हायवेवरच्या शेवटच्या गावात फुल करायची. छोटा कंप्रेसर, फावडं, टॉर्च, टायरखाली घालायला दोन फळकुटं. एवढं पुरे, यूट्यूबवाले जे विकतात ते सगळं लागत नाही.

फुकट जागेत काय नसतं ते सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं. साताऱ्याहून आल्या होत्या, फॉरेस्ट रोडवर उतरल्या, चारी दिशांना बघितलं आणि म्हणाल्या, "फुकट आहे ते ठीक आहे गं, पण संडास कुठाय?" नाहीये. नळ नाही, कचरापेटी नाही, टेबल नाही. म्हणून फावडं. पाण्यापासून, पायवाटेपासून आणि तंबूपासून २०० फूट लांब, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तरेक पावलं, ६ ते ८ इंच खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा, वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणायचा. यात आपली सवय कामाला येते, पाण्याची बाटली नेली की कागदाचा प्रश्न जवळजवळ मिटतो. ज्येष्ठ मंडळी असतील तर झिपवाला उभा छोटा तंबू मिळतो तो घ्याच, त्यानंतर सासूबाई खूष होत्या.

पाणी माणशी रोजचं ४ लिटर पिण्या-स्वयंपाकाचं धरतो, वर शेकोटीची परवानगी असेल तर विझवायला दोन बादल्या वेगळ्या. नळ असलेला ५ गॅलनचा कॅन सगळ्यात सोयीचा. ओढ्याचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी तसं प्यायचं नाही, जिआर्डिया नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो आणि तो परत येताना गाडीत त्रास देत नाही, आठवड्याने ऑफिसच्या मीटिंगमधे देतो. फिल्टर तरी न्या नाहीतर उकळा, ६,५०० फुटांच्या वर ३ मिनिटं खळखळ उकळायला पाहिजे.

आता खाणं, आणि इथे मी फिजिक्स शिकले. दहा हजार फुटांवर पाणी साधारण ९० डिग्रीलाच उकळतं. पहिल्या ट्रिपला पातेल्यात तुरीची डाळ लावली, दीड तास झाला, अख्खा गॅस संपत आला, डाळ गारगोटीसारखी. म्हणून दोन लिटरचा कुकर गाडीत जातोच जातो, अमेरिकन शेजारी शिट्टीने दचकतात पण वास आला की येतात वाटी घेऊन. कुकर न्यायचा नसेल तर पिठलं करा, बेसनाला उंचीचं काही पडलेलं नसतं. भाजणी मळून न्या आणि तव्यावर थालीपीठं लावा, मेतकूट, लसणाची चटणी, दशम्या, चिवडा. कांदा घरूनच चिरून न्यायचा म्हणजे तिथे कचरा होत नाही. गॅसचा हिरवा एक पाउंडी डबा नेहमी एक जास्तीचा.

पण चटणीचा वास अस्वलालाही येतो. कोलोरॅडोत काळी अस्वलं आहेत आणि त्यांना गाडीचं हँडल ओढून दार उघडता येतं, मस्करी नाही. सगळं खाणं, तेल, अगदी टूथपेस्ट आणि लिपबामसुद्धा बंद डब्यात, गाडीत, काचा वर, दारं लॉक. तंबूत काहीच नाही, लाडवाचा डबाही नाही. काही फॉरेस्टमधे, विशेषतः यलोस्टोनच्या बाजूला ग्रिझली या मोठ्या अस्वलांच्या भागात, खाणं कसं ठेवायचं याचा लेखी आदेश असतो आणि दंड होतो.

कपड्यांचं थोडक्यात: जुलैतही रात्री ४-५ डिग्री होते, कानटोपी न्या, स्लीपिंग बॅगेपेक्षा खालची गादी चांगली घ्या कारण थंडी जमिनीतून येते. जुलै-ऑगस्टमधे दुपारी ढग भरून येतात, त्याला इथेही मान्सूनच म्हणतात पण आपल्यासारखी रिपरिप नाही, तासभर विजा आणि गारा, त्यामुळे उघड्या कड्यावर तंबू नको आणि ओढ्याच्या पात्रात तर नकोच. शरद ऋतूत शिकारीचा सीझन असतो, भगव्या-नारिंगी रंगाचं जॅकेट किंवा टोपी सगळ्यांना. आईबाबा भारतातून आठवड्यापूर्वीच आले असतील तर एकदम दहा हजार फुटांवर नेऊ नका, डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं की खाली उतरायचं, आल्याचा चहा देऊन वाट बघत बसायचं नाही.

शुक्रवारी दुपारी तीनच्या आत जागेवर. जमत नसेल तर शनिवारी पहाटे निघा, पण अंधारात शोधू नका. निघताना तिन्ही पिना आणि परतायची वेळ कोणालातरी व्हॉट्सॲप करा, सॅटेलाइट एसओएसची सोय असलेला फोन असेल तर त्याचा डेमो घरीच करून बघा. पोचल्यावर गाडीतून उतरून पहिलं काम मान वर करायची, वाळकं झाड डोक्यावर आहे का बघायचं. इकडे किड्याने मेलेले पाइन पुष्कळ आहेत आणि वारा नसतानाही पडतात. मग ओढा किती पावलं आहे ते मोजा, जुनी दगडांची चूल आहे का बघा, आणि मगच सामान काढा. शेजारी कोणी आधीच असेल तर दिसणार-ऐकू येणार नाही इतकं लांब जा, ब्लूटूथ स्पीकर गाडीतच राहू दे, लोक शांततेसाठी इतका धक्के खाणारा रस्ता चढून आलेत.

निघताना राखेत पाणी ओतून, ढवळून, परत ओतून हाताने चाचपायचं, कोमट लागली तर अजून पाणी. आधीच्यांची बाटल्यांची बुचं दिसली तर तीही उचला. आणि ॲपमधे त्या पिनेला नाव देऊन टाका नाहीतर पुढच्या वर्षी सापडत नाही. आमच्याकडे सध्या "क्लेमवाले आजोबा", "डास डास डास", "इथे सीडॅन नको" आणि "सासूबाईंची" अशा चार आहेत, त्यातली शेवटची कुठे आहे ते मात्र सांगणार नाही.