एचएस-सीआरपी चाचणीचा अहवाल कसा वाचावा

रक्तवाहिन्या कठीण होण्यात रोगप्रतिकारशक्तीचाही वाटा असतो. धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरलेले एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण गिळायला आलेल्या भक्षक पेशी मेदाने फुगून तिथेच अडकतात आणि दाह (इन्फ्लमेशन) धुमसत ठेवतात. या दाहाचा अंदाज एचएस-सीआरपी या रक्तचाचणीतून येतो; ती सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन) या दाहात वाढणाऱ्या प्रथिनाचे अगदी कमी प्रमाणही मोजते. साधी सीआरपी चाचणी त्यासाठी पुरेशी सूक्ष्म नसते.

सर्दी, ताप किंवा ताजी दुखापत असल्यास चाचणी पुढे ढकलावी, कारण शरीरात कुठेही दाह झाला तरी यकृत सीआरपी वाढवते. अहवालात आधी एकक पाहावे. प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपेक्षा कमी आकडा हृदयविकाराची कमी जोखीम, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर अधिक जोखीम सुचवतो. १० च्या वर गेल्यास मात्र हृदयाविषयी निष्कर्ष न काढता संसर्ग शोधावा आणि किमान दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्याने सीआरपीही उतरते. दाह दाबणारे औषध मनाने घेणे तर धोक्याचेच: २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कँटोस अभ्यासात कॅनाकिनुमॅब या अशाच औषधामुळे हृदयविकाराचे झटके घटले खरे, पण जीवघेणे संसर्ग वाढले.