मागे टांगायचा ओव्हरफ्लो बॉक्स : लादी भिजवणाऱ्या त्याच त्या चुका

मासे नांदत असलेल्या भरल्या टाकीला भोक पाडायचा धीर होत नाही, पण खाली सम्प (टाकीतलं पाणी जिच्यात उतरतं आणि जिच्यातून परत वर चढतं ती दुसरी टाकी) तर हवाच असतो. मग माणूस मागे टांगायचा ओव्हरफ्लो बॉक्स आणतो. त्यात गैर काही नाही, माझ्याही दोन टाक्या याच बॉक्सवर चालतात. अडचण पुढे होते. नळी जोडली, पाणी खळाळायला लागलं, की लोक काम झालं म्हणून झोपायला जातात. महिन्याभरात फोन येतो, "अहो, काल तर नीट चाललं होतं!"

काल नीटच चाललं होतं. सायफन, म्हणजे नळीतून आपोआप चालणारा पाण्याचा ओघ, तुटेपर्यंत सगळं नीटच चालतं.

रचना साधी आहे. एक डबा टाकीच्या आत, एक बाहेर आणि दोघांना जोडणारी उलट्या यूच्या आकाराची नळी. (हिला यू-ट्यूब म्हणतात. तिच्याबद्दल शोधायला बसलात तर भलतेच व्हिडिओ बघण्यात रात्र जाते.) पाणी डब्याच्या काठावरच्या दात्यांवरून आतल्या डब्यात पडतं, नळीतून बाहेरच्या डब्यात येतं आणि तिथून सम्पमध्ये उतरतं. सम्पमधला रिटर्न पंप ते परत वर चढवतो. वरचा सायफन तुटलाय हे पंपाला कळत नाही. तो आपला पाणी चढवत राहतो.

नळी मोठी, पंप छोटा

ही माझी नावडती चूक, कारण मी ती स्वतः केली आहे. जाड नळी घेतली की जास्त सुरक्षित, असं प्रत्येक नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात नळीतलं पाणी जोरात वाहायला हवं, तरच ते बुडबुडे आपल्याबरोबर ओढून नेतं. डब्यात पडताना पाणी हवा घेऊनच येतं. शिवाय नळीच्या माथ्यावर दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे पाण्यात विरघळलेली हवाही तिथे सुटते. प्रवाह मंद असला की ही हवा माथ्याशी साचत जाते. आधी वाटाण्याएवढी, मग बोटभर, आणि एका रात्री सायफन तुटतो.

माझी टाकी 90 × 45 सेंटीमीटरची. म्हणजे पातळी एक सेंटीमीटर वाढायला चार लिटर पाणी लागतं. काठापर्यंत जागा होती तीन सेंटीमीटर, म्हणजे साधारण 12 लिटर. सम्पमधल्या पंपाच्या कप्प्यात मात्र मी हौसेने 20 लिटर पाणी ठेवलं होतं. वर आणखी शहाणपणा म्हणून आपोआप पाणी भरणारं यंत्र लावलं होतं, त्याची 25 लिटरची बादली शेजारीच. माथ्यावरचा बुडबुडा मला आठवडाभर दिसत होता. "रविवारी बघू," असं म्हणत होतो.

शुक्रवारी पहाटे घरघर ऐकून जाग आली. पंप कोरडा फिरत होता. सायफन तुटल्यावर पंपाने कप्पा वर उपसला, कप्प्यातलं पाणी उतरलं म्हणून यंत्राने बादली ओतली, पंपाने तीही वर चढवली. हिशेब सोपा आहे. 45 लिटर वर गेलं, 12 टाकीत मावलं, 33 लिटर लादीवर. त्यातच एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर पडलेला. मी पलंगावरून पाय खाली ठेवण्याआधी मेन स्विच आठवला, हे नशीब. (आता माझ्याकडे सगळे प्लग पाण्याच्या पातळीच्या वर आहेत आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ घेऊन मग वर चढते, म्हणजे थेंब आला तर झोळातून गळतो, प्लगमध्ये शिरत नाही.) खाऱ्या पाण्याची टाकी असती तर बादलीतल्या गोड्या पाण्याने क्षारताही घसरली असती.

तेव्हापासून माझा नियम एकच : पंपाच्या कप्प्यात टाकीच्या मोकळ्या जागेत मावेल तेवढंच पाणी. सायफन तुटला तर पंप कोरडा फिरेल, जळेलही कदाचित, पण लादी कोरडी राहील. पंप नवा आणता येतो. याशिवाय टाकीत काठाच्या खाली एक फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून दबणारं बटण), तो पंप आणि पाणी भरायचं यंत्र दोन्ही बंद करतो. बादलीही आता छोटी ठेवतो, दोन दिवसांनी भरायला लागली तरी चालेल. आणि नळी पंपाच्या प्रवाहाला साजेशी. दोन नळ्या लावायच्याच असतील तर दोन्हीतून पाणी जोरात जाईल एवढा पंप हवा, नाहीतर एकीच्या जागी दोन मंद नळ्या झाल्या.

लाइट गेली की काय होतं ते बघितलंच नाही

नवा बॉक्स लावला की मी पंप बंद करतो आणि स्टूल घेऊन समोर बसतो. पाणी दात्यांपर्यंत उतरून थांबलं पाहिजे, नळीची दोन्ही टोकं डब्यांतल्या पाण्यात बुडालेली राहिली पाहिजेत. मग पंप चालू. आपोआप वाहायला लागलं तर ठीक. हे दहा वेळा करतो, हसायचं असेल त्याने हसावं. शेवटी नळी काढूनच घेतो, पंप चालू ठेवतो आणि पाणी काठाखाली थांबतंय का ते पाहतो. हे पाऊल बहुतेक लोक "नंतर करू" म्हणतात.

प्रवाह वाढावा म्हणून बाहेरच्या डब्यातला उभा पाइप कापणारेही भेटतात. पाइपचं वरचं तोंड नळीच्या टोकाखाली गेलं की पंप बंद होताच टोक उघडं पडतं आणि सायफन संपतो. पाइप कापून परत लांब होत नाही, एवढं सांगून मी गप्प बसतो.

परतीच्या नळीचं तोंडही बघा. ते पाण्यात 10 सेंटीमीटर खोल असेल तर पंप बंद झाल्यावर उलटा सायफन लागतो आणि माझ्या टाकीच्या मापात 40 लिटर खाली सम्पमध्ये येतात. मी तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवतो. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) माझा विश्वास नाही, एखादा शंखाचा तुकडा अडकला तरी तो बंद होत नाही. उलटा सायफन तुटावा म्हणून परतीच्या नळीला पृष्ठभागाशी छोटं भोक पाडत असाल तर पाडा, पण ते शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला टाचणी घाला.

उरलेल्या बारीकसारीक

दात्यांवर स्पंज लावू नका. मासे वाचतात खरे, पण स्पंज तुंबला की टाकी भरते. जाळी लावा आणि रोज हात फिरवा.

एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) आतल्या डब्याजवळ नको, ते बुडबुडे नळीत जातात.

पाणी भरताना पंप चालू असू दे आणि सम्पवर मारलेल्या खुणेपर्यंतच भरा. पंप बंद असताना खुणेपर्यंत भरलं तर नंतर सम्प रिकामा दिसतो आणि लोक परत बादली घेऊन येतात.

बल्कहेड (डब्याच्या भोकात बसवलेला पाइपचा जोड) गळत असेल तर सिलिकॉन थापू नका. उघडा, वायसर रुंद कडेच्या बाजूला आहे का बघा, हाताने घट्ट करा आणि वर थोडासाच पिळा.

नळीतून हवा काढायला हवेची बारीक लवचिक नळी (एअरलाइन) माथ्यापर्यंत सरकवा आणि दुसऱ्या टोकाने ओढा, तोंडाने नव्हे, सिरिंजने. एकदा तोंडाने ओढून बघितलंत की सिरिंज आपोआप आठवते. माथ्यावर हवा ओढणारा छोटा पंप बसवला असेल तर तोही तुंबतो, त्याची नळी महिन्यातून एकदा धुवा.

नळी पारदर्शक असते, उजेडात आत शेवाळ धरतं आणि बुडबुडे त्याला चिकटून बसतात. मी बाटली घासायच्या लांब ब्रशने महिन्यातून एकदा घासतो आणि माथ्याचा एक बोटभर भाग सोडून बाकी नळीला काळी टेप गुंडाळतो. तो भाग उघडा अशासाठी, की सकाळी दात घासता घासता तिथे बुडबुडा दिसतो का ते बघता यावं. मागच्या महिन्यात बुडबुडा म्हणून मी ज्याच्याकडे तीन दिवस संशयाने बघत होतो, ती गोगलगाय निघाली.