दादीचे 16 गुंठे

लॉच्या मुस्लिम कायद्याच्या पेपरात मला चांगले मार्क होते. त्याआधी दोन वर्षं मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजनंतर मोहल्ल्यातल्या मौलानांकडे फराइज, म्हणजे वारसांचे हिस्से काढण्याचं शास्त्र, शिकलो होतो. त्यामुळे कोल्हापुरात सिनियरकडे बसायला लागलो तेव्हा या विषयात आपलं काही अडणार नाही, असं वाटायचं. पहिल्याच वारस नोंदीत ती हवा उतरली.

पक्षकार हातकणंगले तालुक्यातले. वडील वारलेले, उसाची जमीन 2 एकर 16 गुंठे. मुलगा म्हणाला, "वारस आम्ही चौघंच. आई, मी आणि दोघी बहिणी." मी लगेच गणित मांडलं. विधवेला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी आकड्यांकडे बघितलंच नाही. मुलाला विचारलं, "वडिलांची आई हाय का गेली?"

"दादी? हाय की. धाकट्या चाचांकडं असते."

मयताला मुलंबाळं असतील तर हनफी (सुन्नींमधल्या एका शाखेच्या) वाटणीत त्याच्या आईला सहावा हिस्सा, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण विचारायचं सुचलं नाही. जमीन 96 गुंठे आणि हिश्श्यांचा छेदही नेमका 96. दादीला 16, विधवेला 12, मुलाला 34, मुलींना 17-17. माझ्या कागदावर मुलाचे 42 झाले होते.

दादीचं नाव विसरण्यातही गणित असतं. ती गेली की तिचे 16 गुंठे हयात मुला-मुलींकडे, म्हणजे चाचा-फुफूंकडे (काका-आत्यांकडे) जाणार. आधीच वारलेल्या मुलाच्या पोरांना, चाचा हयात असताना, त्यात वारस म्हणून काहीच मिळत नाही. हे त्या मुलाला माझ्यापेक्षा आधी कळलं असावं.

तेव्हापासून आधी वंशावळ लिहून घेतो, कोण कधी वारलं ते तारखेसकट. नव्यांनो, नुसत्या सात-बारावर विसंबू नका, मागचे फेरफार काढा. जमीन आजोबांकडून आली असेल तर फुफूंचे हिस्से तेव्हाच राहून गेलेले असतात. इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा बघा. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वारस नसलेल्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचं मृत्युपत्र, आणि त्यानंतर वाटणी. परीक्षेत हा क्रम एका ओळीत संपतो. कचेरीत प्रत्येक पायरीला कागद लागतो.

मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम, दिला नसेल तर तोही कर्जच. त्यासाठी निकाहनामा वाचता आला पाहिजे, आणि आपल्याकडे तो बहुधा उर्दूत असतो. मागताक्षणी द्यायचा मेहेर 'मुअज्जल' आणि तलाक किंवा मृत्यूपर्यंत लांबवलेलाही 'मुअज्जल'. ऐकायला एकच. लिहिताना पहिल्यात ऐन हे अक्षर, दुसऱ्यात वाव या अक्षरावर हम्जा. मौलानांनी उर्दू घोटून घेतली तेव्हा मी कंटाळायचो. आज त्या एका अक्षरावर फी मिळते.

आणि वारसा वगैरे बाबींत मुस्लिमांना शरियत लागू करणारं, 1937 च्या शरियत ॲक्टचं कलम 2 कंसासकट वाचा. त्या कंसात शेतजमीन वगळलेली आहे. शेतीच्या दाव्यात नुसत्या त्या कलमावर उभं राहिलात तर समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवतो. असे युक्तिवाद ऐकायला पूर्वी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. काम नसलं तरी मागच्या बाकावर जाऊन बसा.

दुरुस्त अर्ज घेऊन आम्ही तलाठ्याकडे गेलो. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी, पण हाक तलाठी म्हणूनच मारतात.) दादी आल्या होत्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "माझं नाव कशाला रं बाळा, माझं काय राहिलंय?" मग थोड्या वेळानं, "किती म्हणालास?"

"सोळा गुंठे."

"पाण्याकडचं का माळाकडचं?"

सरस-निरस वाटप, म्हणजे जमिनीचा चांगला-वाईट कस बघून केलेली वाटणी, हा शब्द मला माहीत होता. ते कसं करतात हे माहीत नव्हतं. बाहेर येऊन सरांना फोन लावला.