ड्यूटीचा अ‍ॅप्रन घरी धुताना

वॉर्डातला अ‍ॅप्रन किंवा स्क्रब (वॉर्डात घालायचा सैल सदरा-पायजमा) वेगळा धुवा, हे सगळेच सांगतात. पाणी किती गरम हवं, हे क्वचितच कोणी सांगतं, आणि खरी गोम तिथेच आहे. एमआरएसए, क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर असे अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू कोरड्या कापडावरही कित्येक दिवस तग धरतात. स्टॅफिलोकॉकस (एमआरएसए हा त्याचाच एक प्रकार) तर सुती कापडापेक्षा पॉलिएस्टरवर जास्त टिकतो, आणि आपले बहुतेक अ‍ॅप्रन टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचे असतात. तेव्हा ‘उन्हात टाकला की झालं’ हे विसरा.

घरी आणताना: कपडे दवाखान्यातच बदला. उशीच्या अभ्र्यासारखी कापडी पिशवी वापरा आणि तीही त्याच पाण्यात धुवा. रक्ताने भिजलेला कपडा घरी आणूच नका, तो दवाखान्याच्या लॉन्ड्रीत द्या.

धुण्याआधी: खिसे रिकामे करा. कपडे झटकू नका. बाह्यांच्या कडा आणि खिशांची तोंडं सर्वांत जास्त बरबटलेली असतात. तिथे साबण लावून थंड पाण्यात चोळा. डाग रक्ताचा असेल तर गरम पाण्याने तो पक्का बसतो.

गरम पाणी: बहुतेकांचं इथेच चुकतं. डिटर्जंट जंतूंना कापडापासून सोडवतो, पण सगळे मारत नाही. कोमट पाण्यात ते एका कपड्यावरून दुसऱ्यावर जातात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचा साधा निकष आहे: 60 अंश सेल्सिअस, किमान 10 मिनिटं. मात्र हे तापमान कपड्यांचं हवं, मशिनच्या बटणावरचं नव्हे. फ्रंट लोड मशिन असेल तर ‘कॉटन 60’ लावा. क्विक वॉशमध्ये पाणी तेवढा वेळ गरम राहत नाही, आणि इको प्रोग्राममध्ये वीज वाचवायला तापमान बऱ्याचदा कमीच ठेवलेलं असतं. दोन्ही टाळा. मशिन अर्ध्याच्या थोडं वर भरा. कोंबलेल्या कपड्यांत पाणी खेळत नाही.

टॉप लोड किंवा सेमी ऑटोमॅटिकमध्ये बहुधा हीटर नसतो. गीझरचं पाणी बादलीने ओतण्यावर भरवसा ठेवू नका: गीझरमध्ये 60 अंश असलं तरी नळ, बादली, टब आणि थंड कपडे मिळून ते झटकन उतरवतात. अशा घरांत गॅसच सोयीचा. कपडे नेहमीसारखे धुऊन पिळा. मोठ्या पातेल्यात 10 लिटर पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा, एक-दोन अ‍ॅप्रन चिमट्याने पूर्ण बुडवा आणि झाकण ठेवून 15 मिनिटं थांबा. पाणी भरपूर असल्यामुळे ओल्या कपड्यांनी ते फारसं निवत नाही. पातेलं स्वयंपाकाचं नको. उचलताना दोन्ही हातांत कापड धरा आणि मुलांना लांब ठेवा.

पांढऱ्या अ‍ॅप्रनला ब्लीच चालतं. धुऊन खळबळल्यावर 20 लिटर थंड पाण्यात 4 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं 50 मिली टाकून 10 मिनिटं भिजवा, मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. मळकट कपड्यावर आधीच ब्लीच ओतलं तर ते मळावरच खर्ची पडतं. टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही आम्ल त्यात मिसळू नका, विषारी वायू निघतो. गरम पाण्याऐवजी डेटॉलचं झाकणभर ओतणं म्हणजे निव्वळ वास.

वाळवणं आणि इस्त्री: त्याच दिवशी पूर्ण वाळवा. किंचित ओलसर असतानाच कापडाला सोसेल तेवढी गरम इस्त्री फिरवा. शिवणी आणि खिसे दोन्ही बाजूंनी. धुतलेला अ‍ॅप्रन न धुतलेल्या पिशवीत परत घालू नका.

किती वेळा? अमेरिकेतल्या संसर्गनियंत्रण तज्ज्ञांच्या 2014 च्या शिफारशीत पांढऱ्या कोटासाठी (म्हणजे आपल्या अ‍ॅप्रनसाठी) आठवड्यातून किमान एकदा म्हटलंय. आपल्या भरगच्च जनरल वॉर्डासाठी ते फारच कमी. रोज धुतलेला घाला, म्हणजे निदान तीन अ‍ॅप्रन हवेत. बाह्या अर्ध्याच शिवा. इंग्लंडने 2007 मध्येच कोपराखाली काही नको असं धोरण आणलं, कारण लांब बाहीमुळे मनगट नीट धुतलं जात नाही. आणि जंतू पसरण्याचा मुख्य रस्ता हातच आहेत. कपडे मशिनमध्ये टाकून झाले की लगेच साबणाने हात धुवा.