थ्री-फेज सेपरेटर डिझाइन करताय? लांबी वाढवायच्या आधी हे बघा

नाशिकच्या सातपूर, अंबडला प्रेशर व्हेसल बनवणारी शॉप्स आहेत आणि तिथे डिझाइनला नवीन बसलेल्या पोरांचा एक ठरलेला प्रश्न, ऑइलफिल्डच्या थ्री-फेज सेपरेटरची (गॅस, तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीची) चौकशी आलीय, साइज कशी काढू? मग रिटेन्शन टाइम (तेल-पाणी टाकीत थांबतं तो वेळ) पकडून व्हॉल्यूम काढायचा, धाकधूक वाटली की मीटरभर लांबी वाढवायची आणि कोटेशन पाठवून द्यायचं. स्टील वाया जातं ते जातंच, वर एवढं करूनही तेलात पाणी जायचं काही थांबत नाही.

आधी डेटाशीट नीट भरून घ्या. सरासरी फ्लोवर काम करू नका. सगळ्यात जास्त तेल कधी येणार आणि सगळ्यात जास्त पाणी कधी येणार हे वेगवेगळं मागा, कारण विहीर जुनी झाली की पाणी वाढत जातं. आणि किमान तापमान मागाच, त्या तापमानाच्या व्हिस्कॉसिटीसकट, म्हणजे तेलाच्या दाटपणासकट.

आता आकडे घेऊन बघू. समजा दिवसाला 1000 घनमीटर तेल आणि 500 घनमीटर पाणी. 35 डिग्री एपीआयपेक्षा (तेलाच्या हलकेपणाचं माप, आकडा जास्त तितकं तेल हलकं) हलक्या तेलाला सेपरेटरचं स्टँडर्ड एपीआय 12जे 3 ते 5 मिनिटं रिटेन्शन टाइम देतं, आपण 5 धरू. तेलाला साडेतीन घनमीटर, पाण्याला पावणेदोन, म्हणजे सव्वापाच झाले. आडवी टाकी अर्धी भरलेली धरली तर साडेदहा. व्यास 1.6 मीटर घेतला तर कामाची लांबी येते 5.2 मीटर, इनलेटची खळबळ शांत व्हायला जागा पाहिजे म्हणून सीम टू सीम लांबी (दोन्ही टोकांच्या डिशमधली) त्याच्या 4/3, म्हणजे सातेक मीटर. एल बाय डी (लांबी भागिले व्यास) 4.3 आला, नेहमीच्या 3 ते 5 मध्ये बसला. इथेच बरेच जण फाइल बंद करतात, आणि खरी गंमत तर इथून पुढे आहे.

तेलातला पाण्याचा थेंब 5 मिनिटांत खाली पोचतो का ते स्टोक्सच्या नियमाने तपासा. आपल्या या टाकीत पाणी साधारण 36 सेंटीमीटर उभं राहतं आणि त्यावर तेलाचा थर 44 सेंटीमीटरचा. थेंब 500 मायक्रॉनचा, तेल-पाण्याच्या घनतेत फरक 170 किलो प्रति घनमीटर, व्हिस्कॉसिटी 10 सेंटीपॉइज धरली तर थेंब सेकंदाला 2.3 मिलिमीटर उतरतो, 5 मिनिटांत जवळपास 70 सेंटीमीटर, मस्त. पण तेच तेल गार होऊन 30 सेंटीपॉइज झालं की 5 मिनिटांत फक्त 23 सेंटीमीटर, म्हणजे थेंब अर्ध्या वाटेतच आणि तेल वेअरवरून (टाकीतली आडवी भिंत, जिच्यावरून तेल पुढच्या कप्प्यात पडतं) पलीकडे. आता साडेनऊ मिनिटं लागतील, म्हणजे टाकी जवळपास दुप्पट! त्यापेक्षा आधी हीटर किंवा डिमल्सिफायरचा (तेल-पाणी वेगळं करायला मदत करणाऱ्या केमिकलचा) हिशोब करा, बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं. राजस्थानात बाडमेरच्या मंगला फील्डचं क्रूड तर इतकं मेणचट आहे की तिथली पाइपलाइनच गरम ठेवावी लागते, तसल्या तेलाला नुसती लांबी वाढवून काय होणार.

थेंबाचा आकारही गृहीत धरू नका. वेग व्यासाच्या वर्गावर चालतो, थेंब अर्धा झाला की वेग पाव. टाकीच्या आधीच्या चोकमध्ये (दाब कमी करणाऱ्या झडपेत) थेंब फुटतात, म्हणून डिमल्सिफायर टाकीच्या तोंडाशी न टाकता बरंच आधी सोडायला सांगा, मिसळायला वेळ मिळतो.

गॅसचं काम सोपं आहे. गॅसचा जास्तीत जास्त वेग देणारं साउडर्स-ब्राउनचं समीकरण घ्या, मेश पॅडला (गॅसमधले थेंब अडवणाऱ्या जाळीला) त्यातला के साधारण 0.107 मीटर प्रति सेकंद, दाब वाढेल तसा थोडा कमी करायचा. गॅस भरपूर आणि लिक्विड कमी असेल तर उभी टाकी बघा.

इनलेटला मात्र कंजूषी नको. आत येणाऱ्या मिश्रणाची घनता गुणिले वेगाचा वर्ग हा आकडा एसआय युनिटमध्ये काढा, 1000 च्या आत असेल तर साधं नोझल चालतं, 2000 पर्यंत हाफ पाइप, त्यापुढे वेन टाइप घ्या. चुकीचं इनलेट बसवलं तर तेल-पाणी घुसळून इमल्शन होतं आणि वरचं सगळं गणित पाण्यात. आउटलेटला व्हॉर्टेक्स ब्रेकर (भोवरा मोडणाऱ्या पट्ट्या) हवाच, वाळू येत असेल तर ती धुऊन काढायला जेटिंगची नोझल्स आत्ताच ड्रॉइंगवर घ्या, नंतर टाकीला भोक पाडायला कोणी देत नाही. इंटरफेस लेव्हलच्या इन्स्ट्रुमेंटला मधला इमल्शनचा थर फसवतो, त्यामुळे कंट्रोल बँड अगदी चिंचोळा ठेवू नका.

व्यास ठरवताना ट्रेलरही डोळ्यासमोर ठेवा राव. माल उरणला जायचा म्हणजे कसारा घाट उतरणं आलं, आणि गाडीची रुंदी 2.6 मीटरच्या पुढे गेली की ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो), मग परवानग्या आणि भाडं. 1.6 ची टाकी आरामात जाते पण बाजूला निघालेली नोझल्स मोजायची राहतात, शक्य तेवढी वर-खाली फिरवा.

आणि एच टू एस (हायड्रोजन सल्फाइड) असलेली सर्व्हिस असेल, पीडब्ल्यूएचटी (वेल्डिंगनंतर भट्टीत तापवायची प्रक्रिया) मागितली असेल, तर वेअर, बॅफल आणि मेश पॅडच्या क्लिप्स आधीच वेल्ड करून घ्या, भट्टीतून बाहेर आल्यावर शेलला वेल्डिंग करायला इन्स्पेक्टर हो म्हणणार नाही.