स्वस्त लॅपटॉप घेताय? ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना या चुका टाळा

वीस ते पस्तीस हजारांतले लॅपटॉप चाळताना आपण रॅम बघतो, एसएसडी बघतो, रंगही बघतो. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र जाहिरातीत शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत असते आणि तिथवर कुणी पोचत नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या मशिनांच्या किमतीत चार-सहा हजारांचा फरक दिसला, तर आधी ती ओळ वाचा. आणि त्याच्याही आधी कागद घेऊन आपल्याला लागणारी सॉफ्टवेअर आणि लॅपटॉपला जोडायची यंत्रं लिहून काढा. प्रिंटर, डिजिटल सहीचा डोंगल, अंगठा घ्यायचं यंत्र, सगळं. निम्मा निर्णय त्या कागदावरच होतो.

‘डॉस’ वाचून पुढे जाणं

यादीत ‘डॉस’ किंवा ‘फ्रीडॉस’ लिहिलं असेल तर त्या लॅपटॉपमध्ये विंडोज नाही. घरी आणून चालू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात आणि लोक ‘पीस खराब निघाला’ म्हणून दुकान गाठतात. पीस चांगलाच असतो. लिनक्स (फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकणाऱ्यासाठी किंवा ज्याच्याकडे विंडोजचं अधिकृत लायसन्स आहे त्याच्यासाठी हा फायद्याचाच सौदा आहे. इतरांनी विंडोजची किंमत मिळवून मगच तुलना करावी.

‘पाचशे रुपयांत विंडोज टाकून देतो’ असं दुकानदार म्हणाला तर समजून घ्या की ते लायसन्स नाही. तपासायला सोपं आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात ॲक्टिव्हेशन उघडा. कंपनीकडून विंडोजसह आलेल्या मशिनवर ‘डिजिटल लायसन्स’ असा उल्लेख दिसतो. घरगुती लॅपटॉपवर ‘युअर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ असं दिसलं तर विचारा, कुठलं ऑर्गनायझेशन? तुम्ही तर दुकानातून घेतलाय. अशा जुगाडात ॲक्टिव्हेशनच्या टूलबरोबर आणखी काय आत आलं, ते कुणालाच ठाऊक नसतं.

स्वतः विंडोज टाकताना दोन ठिकाणी हमखास गाडी अडते. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. एसएसडी गेलेली नसते, इंटेलचा ‘रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतो. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हमध्ये घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. बायोसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘व्हीएमडी’ ही डिस्क जोडणीची सेटिंग बंद करूनही काम होतं, पण मशिनवर आधीच काही टाकलेलं असेल तर त्या सेटिंगला हात लावू नका, ते सुरूच व्हायचं नाही. दुसरी अडचण म्हणजे विंडोज ११चा सेटअप इंटरनेट मागतो आणि वायफायचा ड्रायव्हर तर अजून बसलेला नसतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

क्रोमबुकला स्वस्तातलं विंडोज समजणं

क्रोमबुक म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. ते वाईट नाही. ब्राउझर, गूगल डॉक्स, ऑनलाइन वर्ग, यूट्यूब एवढंच काम असेल तर ४ जीबी रॅममध्ये ते त्याच किमतीच्या विंडोज लॅपटॉपपेक्षा सुरळीत चालतं. शाळकरी पोरांसाठी मी आधी तेच सुचवेन. पण त्यावर टॅली थेट बसत नाही, एक्सेलमधले मॅक्रो चालत नाहीत आणि सहीच्या डोंगलचं सॉफ्टवेअर बसत नाही. जीएसटीचं, कंपनी रजिस्ट्रेशनचं काम करणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

प्रिंटरचं दुखणं तर वेगळंच. झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० घ्या. दणकट यंत्र, पण ते कॅननच्या स्वतःच्या ‘कॅप्ट’ पद्धतीवर चालतं आणि क्रोमबुक त्याला ओळखत नाही. लिनक्ससाठी ड्रायव्हर आहे, बसवताना घाम फुटतो. जुने व्हिडिओ ‘गूगल क्लाउड प्रिंट वापरा’ सांगतात, ती सेवा २०२०च्या डिसेंबरअखेर बंद झाली. घरातला प्रिंटर बदलायचा नसेल तर लॅपटॉप त्याच्या सोयीने घ्यावा लागतो, हे ऐकायला उलटं वाटलं तरी.

क्रोमबुकच्या अपडेटची मुदतही बघा. २०२१पासून आलेल्या प्लॅटफॉर्मना (मॉडेलमागच्या मूळ हार्डवेअरला) गूगल १० वर्षं अपडेट देतं, पण ती वर्षं तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत. तो प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून मोजतात. सेलमध्ये धूळ झटकून काढलेल्या मॉडेलची निम्मी मुदत संपलेलीही असू शकते. गूगलच्या ऑटो अपडेट धोरणाच्या पानावर मॉडेलनुसार तारीख मिळते. हातातल्या मशिनवर ती सेटिंग्जमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’खाली सापडते.

मराठी फाइल बिघडली म्हणून लॅपटॉपला दोष देणं

नव्या लॅपटॉपवर जुनी मराठी फाइल उघडली आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर सिस्टीम कुठलीही असो, कारण बहुधा एकच असतं: फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, नाही. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये ती टाइप केलेली आहे. तो फाँट टाका, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. रोज पत्रिका, फ्लेक्स, अहवाल जुळवणाऱ्यांना श्रीलिपी सोडता येत नाही, त्यांच्यासाठी विंडोजच. नुसतं मराठी लिहायचं असेल तर इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड विंडोजवर आहे आणि लिनक्सवरही. विंडोजमध्ये २०१९पासून मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा) कीबोर्डही आलाय. वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही.

६४ जीबीवर विंडोज

विंडोज ११ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज आहे. किमान म्हणजे नुसतं चालू होईल इतकंच. ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त स्टोरेज चिप) असलेल्या लॅपटॉपवर मोठं अपडेट आलं की जागा पुरत नाही. टेम्पररी फाइल काढा, वनड्राइव्हमधल्या फाइल ‘ऑनलाइन ओन्ली’ करा, तरी काही महिन्यांनी तेच. ईएमएमसी बोर्डावरच बसवलेली असते, बदलता येत नाही. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीच्या खाली विंडोज घेऊ नका.

‘एस मोड’ लिहिलेलं मशिन असेल तर स्टोअरबाहेरचं काही बसत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून हा मोड फुकटात काढता येतो, परत मात्र लावता येत नाही. त्याने काही बिघडतही नाही.

रिफर्बिश्डवर ‘विंडोज ११’चं स्टिकर

ऑफिसांतून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप या किमतीत उत्तम, नव्या प्लास्टिकच्या डब्यापेक्षा कितीतरी दणकट. फक्त प्रोसेसरची पिढी विचारा. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या ८व्या पिढीपासून चालतं, त्याआधीचे अगदी मोजके अपवाद. ६व्या-७व्या पिढीच्या मशिनवर ते अट चुकवून टाकलेलं असतं, पुढच्या अपडेटची हमी नाही. आणि ‘मग विंडोज १०च राहू द्या’ म्हणावं तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केल्यास सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. दुकानातच मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून बघा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर दुसरं दुकान.

अशा जुन्या मशिनवर लिनक्स मिंट छान चालतं. मात्र विंडोज पुसण्याआधी ते पेनड्राइव्हवरून लाइव्ह (डिस्कवर न बसवता) चालवा आणि वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कळा तपासा. लॅपटॉप मिटून पुन्हा उघडल्यावर जागा होतो का तेही बघा. यातलं काही अडलं तर आधी दुसऱ्या, नव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह करून बघा, पुष्कळदा नव्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तो ड्रायव्हर आलेला असतो.